सरांना मी त्या घरी नेलं

लीला, दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायच्या आत मीच सांगून टाकतो. मी भांडलो.

दवाखान्यात शेवटी शेवटी तू माझं मनगट धरून म्हणाली होतीस, "मालक, माझ्यामागं सरांशी भांडत बसू नका." मी हूं म्हटलं नव्हतं. मान हलली ती तुझी उशी सरळ करायला वाकलो म्हणून. मग तुला गुंगी आली आणि विषय तिथंच राहिला. तेव्हा मी शब्द मोडला असं काही म्हणू नकोस, शब्द मी दिलाच नव्हता.

हे "मालक" प्रकरणही तुझंच. अख्ख्या मोंढ्याला, सगळ्या धान्यबाजाराला वाटायचं, एवढी शिकलेली डॉक्टर बायको आणि आडत्या नवऱ्याला मालक म्हणते, काय वळण लावलंय बघा आईबापानं. ती थट्टा होती हे फक्त मला ठाऊक. जेव्हा माझं काहीच ऐकायचं नसायचं तेव्हा तू हमखास मालक म्हणायचीस. दवाखान्यात तू खरंच विनवत होतीस का तेव्हाही थट्टाच करत होतीस, हे मला अजून कळलेलं नाही.

जन्मात कधी एका जागी बसली नाहीस तू. लातूरहून नांदेड, नांदेडहून कंधार, कंधारहून कुठल्यातरी तांड्यावर, पिशवीत पाण्याची बाटली आणि सुया. आणि आपल्या लिंगायतांत बसवूनच माती देतात. तुला बसवलं, स्वामींनी कपाळाला विभूती लावली, तेव्हा मला वाटलं आता ही उठंल आणि म्हणंल, झालं का तुमचं, मला प्रयोगशाळेत जायचंय. लोक माती लोटायला लागले तरी मी वाट बघत उभा होतो. भावानं दंडाला धरून मला मागं घेतलं.

तिसऱ्या दिवशी तुझे सर आले, तुझ्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तू त्यांना अहोजाहो करायचीस. मी इथं करणार नाही, आणि त्याचं नावही घेणार नाही, कारण नाव घेतलं की मोठेपणा मिळतो. पांढरा झब्बा, हातात मोगऱ्याचा मोठा हार, मागं फोटो काढणारा माणूस. ओसरीत बसून म्हणाला, "आम्ही पोरके झालो." आपली गौरी आतनं ऐकत होती. तिची आई गेली होती, आणि पोरका हा झाला होता. मग हळूच म्हणाला, "एक कल्पना आहे. आपलं जे ॲप आहे, बाळांच्या तपासणीचं, त्याला मॅडमचं नाव देऊ. शोकसभेतच जाहीर करू. तुमची फक्त परवानगी पाहिजे."

मी चहाचा कप त्याच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणालो, "बघू." त्याला ते पुरेसं वाटलं. मोंढ्यातला माणूस बघू म्हणतो तेव्हा काय समजायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

आता तुझ्या कामाबद्दल लोक मला विचारतात आणि मी तुझ्यासारखंच सांगायला जातो, तर जमत नाही. तू मला पहिल्यांदा सांगितलंस ते आठवतं? दुकानात आली होतीस, हंगाम होता, सोयाबीनचा ढीग छपरापर्यंत. तू चप्पल काढून ढिगापाशी उकिडवी बसलीस आणि मूठभर दाणे उचलून म्हणालीस, "काही लेकरं अशी जन्मतात की त्यांना आईचं दूध पचत नाही. दुधातली साखर त्यांच्या अंगात मोडतच नाही, साचते, आणि ती विषासारखी काम करते. लेकरू पिवळं पडतं, ओकतं, झोपून राहतं, आणि घरचे म्हणतात अंगावर पाज, अजून पाज." मी विचारलं, मग अशा लेकराला द्यायचं काय? तू मूठ उघडून माझ्यापुढं धरलीस. सोयाबीनची पावडर, दुधासारखी पाण्यात कालवून. पिढ्यानपिढ्या धान्यात लोळणारी आमची जात, आणि या दाण्यानं लेकरू जगतं हे मला बायकोनं सांगावं लागलं. त्या दिवशी मी सगळ्या हमालांना बोलावून सांगितलं होतं. ते म्हणाले, शेठ, वहिनीला काय काय माहीत हाय.

पण लेकराला तो आजार आहे हे आधी कळायला पाहिजे. त्यासाठी तू टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब कागदावर घ्यायचीस. किती भांडणं त्यावरून. कंधारला एक आजी तुझ्या अंगावर धावून आली होती, "कोवळ्या जिवाचं रगत कशाला काढता, तुमचं काढा की." तू खाटेवर बसलीस, साडी वर घेतलीस, स्वतःच्या टाचेला सुई टोचलीस आणि म्हणालीस, "हे बघा, काढलं. आता लेकराचं द्या." आजी हसली, लेकरू दिलं. घरी येऊन तू लंगडत होतीस, कारण सुई जरा जोरातच गेली होती. मी म्हणालो, एवढी कशाला हौस. तू म्हणालीस, "मालक, पाय माझा आहे."

त्या कागदांचे तुझे नखरे वेगळेच. थेंब सावलीत सुकला पाहिजे, उन्हात नाही. कुठल्या तरी नर्सबाईनं पापडासोबत गच्चीवर वाळत घातले म्हणून तू दोन दिवस जेवताना त्याच विषयावर होतीस. मला वाटायचं, असल्या बारक्या गोष्टीवर एवढी तणतण कशाला. तू म्हणायचीस, माझ्या कामात बारकी गोष्ट कुठलीच नसते.

आणि बारकी म्हणून सरानं ॲपमधनं काढून टाकलेली गोष्ट म्हणजे माहेरचा रकाना.

तो रकाना आपल्या घरात जन्माला आला, म्हणून मला त्याच्याबद्दल लई माया आहे. गौरीच्या वेळी तू उदगीरला माहेरी होतीस, सव्वा महिना. आणि इकडं लातूरच्या आपल्या दारात डोसवाली बाई येऊन विचारायची, बाळ कुठं आहे. मी सांगायचो, बाळ उदगीरला. ती म्हणायची, पण नाव तर इथलं लिहिलंय. आणि उदगीरची बाई तुमच्या दारात यायची नाही, कारण तिच्याकडं नावच नव्हतं. गौरीचा डोस चुकला आणि तू तुझ्या वडिलांवर चिडलीस, माझ्यावर चिडलीस, शेवटी सरकारवर चिडलीस. पुढं मोबाईलवरचं ते सगळं बांधायची वेळ आली तेव्हा तू पहिली गोष्ट कुठली मांडलीस? "बाळ सध्या कुठं आहे: सासरी का माहेरी. माहेरी असेल तर माहेरच्या माणसाचा नंबर." आपल्याकडं पहिलं लेकरू माहेरीच होतं, हे मराठवाड्यात शेंबड्या पोराला ठाऊक. ज्या दिवसात लेकरू मरायचं किंवा जगायचं ठरतं, त्या दिवसात ते आजोळी असतं आणि त्याच्या बापाचा मोबाईल दुसऱ्या जिल्ह्यात. तू म्हणायचीस, मोबाईल म्हणजे निरोप्या, त्याला दार माहीत नसलं तर चांगला निरोपही मेलेलाच.

सरानं तो रकाना काढला. मुंबईहून मोठे साहेब बघायला येणार होते आणि सगळी माहिती एका पडद्यावर मावायला पाहिजे होती, म्हणे खाली सरकवायला लागलं की बघणारा कंटाळतो. "पालकाचा मोबाईल" एवढं पुरे. बाप हाच पालक. तू त्याच्या खोलीत जाऊन बरंच बोललीस. तुझा आवाज बाहेरच्या पोरींना ऐकू आला होता, त्यांनीच मला माती झाल्यावर सांगितलं. घरी येऊन तू मला एवढंच म्हणालीस, "नंतर घालतो म्हणाले." मग भाजी निवडायला बसलीस आणि चांगली भाजी काडीसकट फेकून दिलीस.

नंतर आलंच नाही. मधल्या काळात निलंग्याची मनीषा आली.

मनीषाबद्दल मला तुझ्याशी बोलायचंच आहे, कारण आपलं सगळं भांडण तिच्यावरून होतं. निलंग्याजवळच्या खेड्यातली पोरगी, दिली अहमदपूरकडं, सख्ख्या आत्याच्या घरी. आत्याचाच मुलगा नवरा, आत्याच सासू. नवरा हैदराबादला गाडी चालवतो. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, निलंग्याला मुलगा झाला, थेंब घेतला, कागद नांदेडला तुझ्याकडं आला. तुझ्या प्रयोगशाळेनं वेळेत तपासला आणि आजार निघाला. तेच, दुधाचं. बटण दाबलं आणि निरोप गेला, हैदराबादला बापाच्या मोबाईलवर, इंग्रजीत. त्यानं बघितला आणि त्याला वाटलं कुठल्या तरी कंपनीची जाहिरात. पोरगी इकडं माहेरी लेकराला अंगावर पाजत होती.

उत्तर का येईना म्हणून तू स्वतः फोन लावलास, बापाकडनं मामाचा नंबर घेतलास, मामा उचलेना. "मालक, गाडी काढा," म्हणालीस. मी दुकान हमालाच्या हवाली करून निघालो. औसा मोडपासनं निलंग्यापर्यंत तू मांडीवर ती पावडरीची डबी घट्ट धरून बसली होतीस. त्या घरासमोर गाडी थांबली तर माणसं उभी होती, डोक्याला टॉवेल बांधून. मी गाडीतच बसून राहिलो. तू उतरलीस आणि डबी सीटवर ठेवून आत गेलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगू दे, कारण सांगितलं की माझा राग ताजा होतो आणि मला तो ताजाच पाहिजे. सरानं अहवालात लिहिलं, कुटुंबानं निरोपाची दखल घेतली नाही. खाली सही त्याची. तिकडं आत्याला कुणीतरी अर्धवट सांगितलं की लेकरू आईच्या दुधानं गेलं. झालं. आत्यानं भाचीचं बोचकं भावाच्या दारात आणून ठेवलं. "हिचं दूधच वाईट. माह्या पोराला दुसरी करते." गावात हळदीकुंकवाला कुणी मनीषाला बोलवेना, कुणी आपलं तान्हं तिच्या मांडीवर देईना. बाळंतीण पोरगी, छाती भरून यायची आणि तिची आई ते पिळून मोरीत टाकायची. 

तू एकटी गेलीस त्या आत्याकडं. समजावलंस. आत्या काय म्हणाली? "तुमी बाया बायांचीच बाजू घेणार. मोठ्या डाक्टरची सही हाय म्हंतेत त्या कागदावर. त्यो सांगू द्या." दार लावलं नाही, पण आतही घेतलं नाही.

म्हणून तू सराच्या मागं लागलीस. एकदा चला, एका घरी, पाय धरते तुमचे. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. मग म्हणायला लागला, डॉक्टर असा माफी मागत फिरला तर उद्या लोक कोर्टात नेतील. आणि मी तुला म्हणायचो, मला सांग, मी त्याला गचांडी धरून नेतो. आणि तू म्हणायचीस, "तो चिडला तर काम बंद पाडंल. अजून किती लेकरांचे कागद यायचेत."  मला राग यायचा तो याचा की तू बरोबर होतीस. एका मनीषासाठी बाकीच्या मनीषांना कसं सोडायचं. मी म्हणायचो, तू घाबरतेस त्याला. तू म्हणायचीस, हाव, घाबरते. असं भांडण जिंकता येत नाही कुणाला.

मग तुझे डोळे पिवळे झाले. आपण दोघं कावीळ म्हणत राहिलो, तुला मात्र पहिल्या दिवसापासनं माहीत होतं ही साधी कावीळ नाही ते. सलाईन लावलेल्या हातानं तू मनीषाला फोन करायचीस, जेवलीस का विचारायचीस. एकदा मला म्हणालीस, "माझं सगळं झालं मालक, एवढं एक घर राहिलं." लीला, हे ऐकवल्यावर भांडू नका म्हणायचा तुला काय अधिकार होता?

शोकसभा नांदेडला झाली. सभागृह भरलं होतं. तुझा तो हसरा फोटो गौरीनं निवडला होता. मोठे अधिकारी पहिल्या रांगेत. सर अर्धा तास बोलला. "त्यांनी विज्ञान गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत नेलं." कुठल्या उंबऱ्यापर्यंत, बाबा, एक उंबरा सांग. मग जाहीर केलं, ॲपला मॅडमचं नाव देत आहोत, त्यांच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत.

  मी माईक घेतला आणि गोडीत म्हणालो, "सरांचे उपकार आहेत. पण मॅडमची एक इच्छा राहून गेली. एका घरी त्यांना सरांना सोबत घेऊन जायचं होतं, लेकरू गेलेलं घर. सर आज माझ्यासोबत तिथं आले तर तिच्या जिवाला शांती मिळेल. ते झालं की नावाचं बघू." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांनी डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणाले, "जरूर. सर जातीलच." तुझा सर माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्याला कळलं. लई बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

त्याला मी माझ्या गाडीत घेतलं, त्याची गाडी मागनं. लोहा गेलं, माळाकोळी गेलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मी एसी लावला नाही. अहमदपूर स्टँडवर मनीषा उभी होती, निलंग्याहून एसटीनं आलेली, सोबत तिचा भाऊ. मी तिला आधीच फोन केला होता आणि विचारलं होतं, येशील का. ती म्हणाली, येते. मागं बसली. मी सराला म्हणालो, "ही मनीषा." तो म्हणाला, "अच्छा, कोण मनीषा?"

लीला, त्याला तिचं नाव माहीत नव्हतं. ज्या कागदावर सही केली त्या कागदावर ते छापलेलं आहे. मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसता स्टिअरिंग धरून बसलो, नाहीतर त्याला तिथंच उतरवून मारला असता. मनीषाच मागनं मला म्हणाली, "भाऊ, चला."

आत्याचं घर सिमेंटचं, पुढं मोकळी जागा, कडेला म्हैस. नवराही होता, सुट्टीवर आलेला. शेजारच्या दोघीतिघी आपोआप जमल्या. आत्यानं सतरंजी अंथरली. सर उभ्यानंच बोलायच्या बेतात होता. मी म्हणालो, "बूट काढा सर, बसावं लागतं." बसला, पाय दुमडता येईनात त्याला. आत्यानं तांब्या पुढं केला आणि मला विचारलं, "ह्येच का मोठे डाक्टर?"

"हाव. सही यांचीच असते."

मनीषा आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

सरानं सुरुवात केली, आनुवंशिक, चयापचय, विकर. मी म्हणालो, "सर, आत्याला कळंल असं." तो घाम पुसून म्हणाला, "बाळाला जन्मापासून आजार होता. दुधातली साखर पचत नव्हती."

"म्हंजी हिचंच दूध," आत्या म्हणाली.

"नाही. कुणाच्याही आईचं दूध त्याला चाललं नसतं. गाईचं, म्हशीचंसुद्धा नाही. हिच्या दुधात काहीही दोष नव्हता."

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्या म्हणाली, "मंग तुमाला कळालं कवा?"

 मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं माझी नजर टाळली आणि म्हैस बघितली.

"बाळ होतं तेव्हाच कळलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"होतं तवाच? मंग सांगायला काय झालतं?"

"निरोप पाठवला होता. यांच्या मोबाईलवर." त्यानं नवऱ्याकडं हात केला. "त्यांनी तो वाचला असता तर..."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांचंही नसेल ते पोरगं. आणि हा माणूस अजूनही दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा व्हायला बघत होता. मी मोठ्यानं बोललो नाही, तुझी शपथ. मी एवढंच म्हणालो, "सर, माहेरचा रकाना कुणी काढला ते सांगा."

तो तांब्या उचलून सावकाश पाणी प्यायला. मलाही घाई नव्हती. मोंढ्यात मी दिवस दिवस बसलेला माणूस आहे.

"मी काढला," तो म्हणाला. "बाळ आजोळी असतं, निरोप तिथं गेला पाहिजे, असं मॅडम सांगत होत्या. मी ऐकलं नाही. निरोप इथं, भलत्याच माणसाला गेला. चूक माझी आहे. या मुलीची नाही, यांचीही नाही."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "आन् आजार आला कुठनं?"

"दोन्हीकडनं. निम्मा आईकडनं, निम्मा बापाकडनं. एकाच घराण्यातलं लग्न असलं की असं होऊ शकतं."

आत्याला ते कळायला वेळ लागला नाही. निम्मं भावाच्या रक्तातनं आणि निम्मं तिच्या स्वतःच्या. ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि मनीषाच्या दंडाला हात लावून म्हणाली, "आत ये गं माय. उन्हात उभी राहू नगं. भाकरी टाकते."

मनीषानं दंड सोडवून घेतला. जोरात नाही.

"म्या ऱ्हायला न्हाई आले, आत्या," ती म्हणाली. "ह्ये तुह्या कानानं ऐकावं म्हून आले."

आणि ती गाडीकडं चालायला लागली. नवरा तिच्या मागं दोन पावलं गेला आणि थांबला. उद्या तिला जावंसं वाटलं तर जाईल, नाही वाटलं तर नाही. पण ते आता ती ठरवेल. गाडीत बसताना मला म्हणाली, "मॅडम पायजे होत्या." मी म्हणालो, हाव.

तिला आणि भावाला अहमदपूरला एसटीत बसवलं. मग मी आणि तो, रस्त्याच्या कडेला, त्याचा ड्रायव्हर दार उघडून उभा. त्याचे डोळे लाल झाले होते. खरंच झाले होते, मी बघितलं. मी त्याला पाणी विचारलं नाही. तो म्हणाला, "रकाना परत टाकायला सांगितलाय मी, आत्ताच फोन केला." मी म्हणालो, चांगलं केलं. मग दारात पाय ठेवून म्हणाला, "मग आता नावाचं..."

"नाही."

"पण तुम्ही सभेत शब्द दिला होता."

"मी बघू म्हणालो होतो," मी म्हणालो. "बघितलं."

त्याची गाडी नांदेडकडं गेली आणि मी लातूरकडं वळलो. आता बाळ माहेरी असलं की निरोप माहेरी जाईल, तुझं एवढं झालं. नाव मात्र कुठल्याच पडद्यावर नाही. ते गौरीच्या नावापुढं आहे, तिनं वडिलांच्या जागी आईचं लावून घेतलंय, मला विचारलंसुद्धा नाही, आणि बरं केलं.

तू त्याला केव्हाच माफ केलं असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणशील, रडला ना बिचारा, सोडा आता. मी सोडणार नाही. उद्या तो रस्त्यात भेटला तरी मी तोंड फिरवीन, म्हातारा झाला तरी फिरवीन. तुला हे पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.